आमच्या गावची गिरणी मी का वाचवली

गावात सगळे म्हणतात की गिरणी मी वाचवली. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत भाषणं होतात, तेव्हा कोणीतरी माझ्याकडे हात करून पाहुण्यांना सांगतो की या बाईंना जुन्या वास्तूची फार माया. मी खाली पाहून ऐकून घेते. त्या गिरणीची एकही वीट मला कधी आवडली नाही. मी ती उभी ठेवली ती एका माणसाचं नाक कापायला, आणि ते कापलं गेलं याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आमचं गाव साकोलीच्या अलीकडे, मोठ्या सडकेवर. सडकेला लागूनच धानाची गिरणी. इंग्रजांच्या काळात मालकाच्या बापाने बांधलेली. विटांची उंच चिमणी, खाली वाफेचं इंजिन, धान भिजवायचे हौद आणि पुढे भली मोठी फरशी. इथे उसना, म्हणजे उकडा, तांदूळ निघायचा. धान हौदात भिजवायचं, वाफेवर उकडायचं आणि मग फरशीवर वाळत घालायचं. वाळत घातलेलं धान दिवसभर पायाने उलटंपालटं करायला रेजा असायच्या. रेजा म्हणजे रोजाने कामाला येणाऱ्या बाया. एका रांगेत, हात कमरेवर ठेवून, अनवाणी पाय घासत त्या या टोकाकडून त्या टोकाला जायच्या. खालून फरशी तापलेली, वरून ऊन. माझी माय त्या रांगेत होती. बाबा नागझिऱ्याकडे जंगलात लाकूडकटाईला असायचे, महिना महिना घरी नसायचे. घर मायच्या पायांवर चाललं होतं असं म्हटलं तर ते अगदी शब्दशः खरं होतं.

संध्याकाळी फरशी झाडली की फटींतून थोडी कणी निघायची, मातीत कालवलेली. ती रेजांनी नेली तर कोणी काही म्हणत नसे. बाया ती पदराच्या टोकाला गाठ मारून न्यायच्या आणि घरी पाखडून तिची पेज करायच्या. हा जुना रिवाज होता. मोठे मालक होते तोवर तो चालला. मग ते वारले आणि त्यांचा मुलगा मालक झाला. हा नागपूरला शिकलेला, गोरापान, पांढऱ्या कपड्यांतला. त्याने पहिलं काम केलं ते फाटकाशी झडती सुरू करण्याचं.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. मी चौथीत असेन. शाळा सुटली की मी फाटकाबाहेर मायची वाट पाहत बसायची. त्या दिवशी मालकाकडे बाहेरचे दोन व्यापारी आले होते. तिघेही फाटकाजवळ खुर्च्या टाकून बसले होते. बाया एकेक करून निघत होत्या आणि मुकादम त्यांचे पदर झाडायला लावत होता. मायच्या पदराला गाठ होती. मुकादमाने ती सोडायला सांगितली. माय सोडेना. ती हळूच म्हणाली की झाडणीचं आहे, मालक, माती आहे नुसती. तेव्हा मालकाने मुकादमाला खूण केली. मुकादमाने तिच्या अंगावरचा पदर ओढून गाठ सोडली.

मूठभर कणी निघाली. मालक एवढ्यावर थांबला नाही. त्याने ती मूठ धानाचे बोरे, म्हणजे पोती, मोजायच्या काट्यावर ठेवायला लावली. तो काटा क्विंटल-क्विंटलचे बोरे तोलणारा. मूठभर कणीने तो काय हलणार. मालक पाहुण्यांकडे पाहून म्हणाला, "चोरी तं केली, पण काट्यालेही समजली नाही." पाहुणे हसले. मुकादम हसला. रांगेतल्या दोनचार बायाही भीतीने हसल्या. माय उघड्या डोक्याने उभी होती. मग मालकाने सांगितलं की हिला उद्यापासून घ्यायचं नाही.

 त्यानंतर माय रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, गेली, मोहफुलं वेचायला गेली, दुसऱ्यांच्या घरची धुणी धुतली. पण गिरणीसमोरून जायचं तिने सोडलं. बाजारात जायचं असलं तरी तलावाच्या पाळीवरून वळसा घालून जायची. मी मात्र रोज शाळेत जाताना मुद्दाम त्या फाटकासमोरून जायची आणि त्या काट्याकडे पाहायची. एवढ्या लहान पोरीच्या पोटात एवढा जाळ असू शकतो हे कोणाला सांगून पटणार नाही.

मी मॅट्रिक झाले आणि साकोलीला तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले. माझ्याकडे रेकॉर्डची खोली आली. जुनी कागदपत्रं लावायची, कोणी अर्ज केला तर नक्कल काढून द्यायची. त्याच सुमारास गिरणी बंद पडली. विजेवरच्या लहान गिरण्या गावोगाव झाल्या होत्या, वाफेचं इंजिन कोणाला परवडेना. गावात बातमी आली की मालक सगळं पाडून सडकेला लागून लॉज आणि पेट्रोल पंप टाकणार. मला ते ऐकून वाईट वाटलं नाही. एवढंच मनात आलं की हा यातूनही तरणार.

मग एक दिवस गावचे जुने कागद लावताना गिरणीच्या जागेचा करार हातात आला. जागा मालकाची नव्हतीच. ती गावाची होती. गावाचं धान गावातच भरडलं जावं म्हणून जुन्या पाटलांनी ती मोठ्या मालकांना गिरणीसाठी दिली होती, आणि खाली लिहिलं होतं की गिरणी कायमची बंद पडल्यास जागा बांधकामासह गावाला परत येईल. मी तो कागद तीनदा वाचला. 

मी काही चोरून केलं नाही. सरपंचांना भेटले. ते आमच्याच आळीतले, मी त्यांना काका म्हणायची. त्यांना म्हटलं की जागेच्या नकलेसाठी रीतसर अर्ज करा. त्यांनी केला, मी नक्कल दिली आणि ती दाखवून त्यांनी मालकाकडे जागा परत मागितली.

आठ दिवसांत मालक आमच्या घरी आला. रविवारची दुपार होती. हातात पेढ्यांचा डबा. मी खाट टाकली. माय तांब्याभर पाणी घेऊन आली, त्याच्यासमोर ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तो पाणी प्यायला. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

त्याचं म्हणणं अगदीच वेडं नव्हतं. गिरणी मेली आहे, मेलेलं जनावर कोणी दारात ठेवतं काय, लॉज झाला तर गावच्या पोरांना काम मिळेल, असं तो समजावून सांगत होता. शेवटी म्हणाला, "बाई, तुमचं माझं काही वैर नाही. मंग कायले माझ्या मागं लागल्या?"

मी मायकडे बोट केलं. म्हटलं, "यायले ओळखता काय?"

त्याने नीट पाहिलं. नाही म्हणाला. मग मी सगळं सांगितलं, व्यापारी, पदर, काटा, तो काय बोलला ते. तो ऐकत होता, खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता. मग म्हणाला, "असंन. मले आठवत नाही. तवा रोजच पदर झाडत होते बायायचे."

माय तांब्या उचलून आत गेली.

कोणी मला विचारलं की त्याने त्या वेळी हात जोडले असते तर तू कागद मागे घेतला असता का, तर मी हो म्हणणार नाही. पण त्याने निदान ओळखायला हवं होतं. बारा वर्षं मी ज्या माणसाचा राग सांभाळला, त्याला ती गोष्ट घडल्याचंच माहीत नव्हतं. मी पेढ्यांचा डबा त्याच्या हातात परत दिला. त्याच दिवशी मी ठरवलं की नुसती जागा काढून घेऊन भागणार नाही. याला आठवेल असं काहीतरी करायचं.

गिरणी गावाने ठेवायची की मालकाला लॉज बांधू द्यायचा, यावर ग्रामसभेत गाव दोन बाजूंना झालं. पोरांना लॉज हवा होता. मालकाने सांगितलं की चिमणी धोक्याची आहे, एखाद दिवशी कोणाच्या अंगावर पडेल. गावच्या म्हाताऱ्या गवंड्याने वर चढून सांध्यासांध्यात छिन्नी घालून पाहिली होती. तो म्हणाला की आणखी दोन पिढ्या तिला काही होत नाही. तरी गोष्ट अडलीच होती. मी त्याआधी पंधरा दिवस घरोघर फिरून जुन्या रेजांना गोळा केलं होतं. त्या पहिल्यांदाच ग्रामसभेला आल्या आणि मागे जमिनीवर बसल्या. त्यांतली एक, जी त्या दिवशी रांगेत हसली होती, ती उभी राहिली. म्हणाली, "त्या फरशीवर आमच्या टाचा झिजल्या. फरशी आमची हाय. पाडाची अशीन तं आमाले विचारा."

हात वर झाले तेव्हा आमच्या बाजूने जास्त होते. गिरणी पाडायची नाही, फरशीवर लहान शेतकऱ्यांनी धान वाळवायचं, मंडई तिथेच भरवायची आणि मालकाच्या कचेरीच्या खोलीत वाचनालय करायचं असं ठरलं.

मी धावत घरी आले. मायला सांगितलं की गिरणी गावाची झाली, आता कोणी पाडणार नाही. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. निवडता निवडताच म्हणाली, "पाडू द्याले पाह्यजे होतं. आता तरी ते डोयासमोरून जाईन म्हणून मी वाट पाहून राहिली होती."

 तिला काय हवं आहे हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. पण मी मागेही फिरले नाही. खरं सांगायचं तर तोवर ते वैर तिचं राहिलं नव्हतं, माझं झालं होतं.

फाटकावर पाटी लावायची होती. मालकाने सरपंचांकडून निरोप पाठवला की निदान त्याच्या बापाचं नाव तरी त्यावर यावं. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे होतं. उद्घाटनाला मालकाला बोलवा आणि पहिल्या रांगेत बसवा, हा आग्रहही माझाच होता. तो जीप करून घरच्यांसह आला. बापाचं नाव येणार असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटू देण्यात माझा हात होता. नारळ फुटला, कापड बाजूला झालं आणि शाळेतल्या एका मुलीने मोठ्याने वाचलं, "या गिरणीत धान भिजवणाऱ्या, उकडणाऱ्या आणि वाळवणाऱ्या बाया याच फाटकातून आत जात असत. याच फाटकात त्यांचे पदर झाडले जात. मूठभर कणीसाठी एका रेजाचा पदर ओढून ती कणी बोऱ्यांच्या काट्यावर ठेवली होती. गावाने हे विसरू नये."

खाली नावं होती, सगळ्या रेजांची. मालकाच्या बापाचं नव्हतं.

मुलीने वाचलं तेव्हा मी पाटीकडे पाहत नव्हते. त्याच्याकडे पाहत होते. त्याच्या सुनेने त्याच्याकडे वळून काहीतरी विचारलं.  तो कानापर्यंत लाल झाला, पण एवढ्या लोकांतून उठून जाता येईना. रेजा समोर उभ्या होत्या आणि या वेळी एकही हसली नाही. मला जे हवं होतं ते मी पोटभर पाहिलं. माय त्या दिवशी घरीच होती.

वर्षभरात तो बिऱ्हाड घेऊन नागपूरला गेला. लोक म्हणत की सून त्या फाटकासमोरून जायला तयार नसायची. असेल. मी चौकशी केली नाही.

त्यानंतर तो मला एकदाच भेटला, साकोलीच्या बसस्टँडवर. काठी टेकत होता. मला ओळखलं, जवळ आला. बसा म्हणाला, मी उभीच राहिले. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग विचारलं, "ते पाटी हाय काय अजून?"

मी म्हटलं, "हाये. दरवर्षी मंडईच्या आधी रंगवतो आमी. अक्षरं पुसट होऊ देत नाही."

त्याने मान हलवली. नागपूरची गाडी लागली. पायऱ्या उंच होत्या, पिशवी जड होती आणि त्याला चढायला वेळ लागला. मी जागची हलले नाही.