पुस्तकाचे दात

हरिभाऊ गेल्याचं मला सुखदेवनं सांगितलं. शाळा नुकतीच सुटली होती आणि मी फळा पुसत होतो. तो दारात चपला काढून आत आला. एवढा चाळिशीकडे झुकलेला माणूस, स्वतः शेजारच्या गावी मास्तर, पण माझ्या वर्गात शिरताना अजून चपला बाहेर काढतो. म्हणाला, "गुरुजी, हरिभाऊ गेले." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "कोणी सांगितलं तुला?" शब्द निघून गेल्यावर मलाच लाज वाटली. "कोणी कायले सांगते जी... मी खांदा देऊनच तांड्यावरून येऊन राह्यलो." मग त्याच्या ओल्या डोळ्यांत हसू आलं. म्हणाला, "हरिभाऊ असते तं म्हणले असते, बरं इचारलं."

खरंच तसंच म्हणाले असते. कोणी काही सांगितलं की 'कुठून आणलं?' हे विचारायची सवय आमच्या अख्ख्या महागावाला या एका माणसानं लावली. हरिभाऊ आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. जवळच्याच बंजारा तांड्यावरचे, मॅट्रिक झालेले. भर मे महिन्यात तपकिरी कोट गळ्यापर्यंत बंद करून बसायचे आणि 'शांतता राखा' या पाटीच्या बरोबर खाली बसून गडगडाटी हसायचे. मी तेव्हा वाचनालयाचा चिटणीस होतो. त्यांना नेमल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्याकडे तक्रार आली ती अशी, की नव्या ग्रंथपालाला काहीच माहीत नाही. काही विचारलं की "मले नाही माहीत" म्हणतात आणि वर हसतात! मी जाब विचारायला गेलो. हरिभाऊ म्हणाले, "गुरुजी, खोटं कायले बोलू? मले नाही माहीत. पण कुठं पाह्यचं ते माहीत हाय. चाला, पाहू." आणि उठून चालायला लागले. त्यांची शिकवण्याची तऱ्हा हीच. उत्तर सांगायचं नाही, माणसाला उठवून कपाटापर्यंत न्यायचं.

त्या काळी वाचनालयात पुस्तकं कुलपात असत. खिडकीतून नाव सांगायचं, आतून पुस्तक यायचं. ज्याला पुस्तकाचं नावच ठाऊक नाही त्यानं काय मागावं? हरिभाऊंनी एका सुट्टीच्या दिवशी कपाटांचे दरवाजे बिजागऱ्यांसकट उतरवून मागच्या अंगणात उभे केले. मग गेरूनं प्रत्येक कपाटावर एक एक खूण काढली. शेतीच्या पुस्तकांवर नांगर, औषधांवर खल, प्रवासाच्या पुस्तकांवर गाडीचं चाक. मी म्हटलं, "हा काय पोरखेळ?" तर म्हणाले, "माह्या आज्याच्या लदेणीत शेकड्यानं बैल राह्यचे, पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या. पाऊस आला तं काय एकेक गोणी उघडून पाह्यची? खूण पाह्यची न् मीठ आधी झाकायचं. आज्याले अक्षर येत नव्हतं, गुरुजी. पण त्याचं मीठ कधी भिजलं नाही."

बाजाराच्या दिवशी वाचनालयाच्या ओसरीवर त्यांचा वर्ग भरे. त्याला वर्ग म्हणणंही जरा जास्तच, कारण अर्धे लोक सावलीला आलेले असत. एकदा पाटलीणबाई कडेवर नातू घेऊन आल्या. पोराची उचकी थांबेना. हरिभाऊंनी घरगुती औषधांचं जाडजूड पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "मागून उघडा." बाई बिचकल्या. "मागून कायले? मी काय उर्दू वाचून राह्यली?" पण उघडलं. शेवटच्या पानांवर सगळ्या दुखण्यांची सूची होती. त्यांचं बोट उचकीवर आलं, तिथून उन्हाळीवर, उलटीवर, उवांवर... बाई 'उ'मध्ये अशा रमल्या की नातू कडेवरून उतरून कधी चाकाच्या कपाटाशी खेळायला गेला ते त्यांना कळलंच नाही. आणि त्याची उचकी केव्हा थांबली तेही कोणाला कळलं नाही. पुढं कितीतरी दिवस गावात कोणी गोष्ट लांबण लावून सांगायला लागलं की ऐकणारा म्हणे, "बाप्पा, मागून उघड ना!"

आता जे लिहायचं म्हणून कागद घेतला, तिथं येतो. इतकी वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या घरातही नाही.

एका दिवशी हरिभाऊ तांड्यावर लग्नाला गेले होते आणि वाचनालयात मी बसलो होतो. सुखदेव आला. त्याच्या घरच्यांनी नुकताच बौद्ध धम्म स्वीकारला होता, आणि वस्तीतून मॅट्रिक झालेल्या पहिल्या दोन-तीन मुलांपैकी तो एक. मास्तरकीच्या ट्रेनिंगसाठी त्याला यवतमाळला मुलाखतीचं बोलावणं होतं. म्हणाला, "गुरुजी, आपल्या जिल्ह्याची माहिती पाह्यची होती. कोणत्या कपाटात पाहू?" हरिभाऊ असते तर बोटानं नुसती दिशा दाखवली असती. मी पडलो मास्तर. म्हटलं, "शोधत कशाला बसतोस? मी सांगतो." स्वतः उठलो, जिल्ह्याचा भूगोल काढला, सीमांचं पान उघडलं आणि ठणकावून सांगितलं, "दक्षिणेला पैनगंगा, नदीपलीकडे हैदराबाद राज्य." पाठही करून घेतलं. यात मला क्षणभरही शंका आली नाही. आमच्याकडे नदीपल्याडच्या निजामाच्या मुलखाला सगळे मोगलाईच म्हणत. माझी आई तर मरेपर्यंत म्हणत होती. पण काही महिन्यांपूर्वीच राज्यं नव्यानं मांडली गेली होती. हैदराबाद राज्य राहिलंच नव्हतं. नांदेडकडचा काठ आता आमच्याच राज्यात होता, आणि आदिलाबादकडचा आंध्रात गेला होता. ही बातमी मीच वर्गात वाचून दाखवली होती! पण पेपरातलं पेपरात राहिलं आणि पुस्तकातलं मी पुस्तकातून सांगितलं.

सुखदेवची निवड झाली नाही. गावात बोलणं पसरलं, की नदीपल्याड हैदराबाद राज्य आहे असं उत्तर दिलं म्हणून पोराची संधी गेली. लगेच वाचनालयाच्या समितीची बैठक बसली. अध्यक्ष दादासाहेब म्हणाले, "हे होते दरवाजे काढल्यानं. ज्याच्या हाताले जे लागते ते तो वाचते." दुसरे एक सभासद छताकडे पाहून बोलले, "आजकाल कोणकोण हात लावून राह्यलं पुस्तकांले..." हा टोला कोणाला होता ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. मी इतिवृत्त लिहीत होतो. मान वर करून एवढंच म्हणायचं होतं, की पुस्तक त्यानं घेतलं नाही, मी दिलं. उत्तर त्याचं नव्हतं, माझं होतं. मी मान वर केली नाही. सुखदेवची बाजू घेतली तर हे लोक माझ्याकडे कसं पाहतील, याचीही भीती होती... हे आज लिहितो आहे, तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

हरिभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. लग्नाहून परत आल्यावर भूगोलाचं पुस्तक चुकीच्या जागी पाहून, त्या दिवशी कोण बसलं होतं हे त्यांना कळल्याशिवाय राहिलं नसणार. मग ते बोलले. "चूक माही हाय, दादासाहेब. पुस्तक शोधाले शिकवलं, पण पुस्तकाचं वय पाह्यले नाही शिकवलं. बैल घेताना आपण दात पाह्यतो की नाही? मंग पुस्तकाचे काहून नाही पाह्यत?" समितीला बैलाचं काही पडलं नव्हतं. दरवाजे परत बसवावेत असं ठरलं, आणि ते मी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

पुढची गंमत सांगितलीच पाहिजे. दरवाजे बसवायला सुतार आला तो हरिभाऊंच्या ओळखीचा. दोघांनी अंगणात बसून दिवसभर काय खुडबुड केली कोण जाणे. दादासाहेब पाहणीला आले तेव्हा कपाटं तशीच उघडी आणि मधोमध एक लांबलचक टेबल! दरवाजे आडवे जोडून, खाली पाय ठोकून केलेलं. एका बाजूनं कुलपाची कडी तशीच लोंबत होती. भोवती माणसं कोपरं टेकून वाचत होती. त्याआधी आमच्याकडे टेबलच नव्हतं, लोक मांडीवर घेऊन वाचत. दादासाहेब रागानं लाल झाले, पण उन्हातून आले होते, म्हणून आधी बसले. बसले म्हणून पेपर ओढला, कोपरं टेकली. हरिभाऊ अगदी नम्रपणे म्हणाले, "तोडू का टेबल, दादासाहेब? सुतार हायच." पेपरातून डोकं वर न काढता दादासाहेब म्हणाले, "वाचू द्या हो जरा!" दरवाज्यांचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

त्या आठवड्यापासून ओसरीवर नवा धडा सुरू झाला. पुस्तक हातात घेतलं की आधी दात पाहायचे, म्हणजे ते छापलं कधी, ते पाहायचं. मग तेच दुसऱ्या पुस्तकात किंवा पेपरात आहे का, ते पाहायचं. लोकांना याचा भारी नाद लागला. आणे जाऊन नये पैसे आले तेव्हा जुन्या अंकगणितावर पोरांनी 'म्हातारा बैल' अशी चिठ्ठी चिकटवली. सोयरीक घेऊन आलेल्या मध्यस्थालाही कोणीतरी विचारलंच, "पोराचं वय सांगता, पण दात पाह्यले का?" हरिभाऊ हे ऐकून कोटाची बटणं तुटेपर्यंत हसले.

मला मात्र हसू येत नसे. सुखदेव वर्षभर जिनिंगात कापसाचे बोद, म्हणजे मोठाली पोती, उचलत होता. संध्याकाळी भुवयांपर्यंत कापूस चिकटलेला असा तो रस्त्यानं यायचा आणि लांबून "जयभीम, गुरुजी!" म्हणायचा. मी नमस्कार करून गल्ली बदलायचो. या पोराचं एक वर्ष मी खाल्लं, हेच माझ्या डोक्यात. पुढच्या वर्षी त्याला ट्रेनिंग मिळालं, तो मास्तर झाला, माझ्या शेजारी बसून पेपर तपासायला लागला, तरी मी कधी तो विषय काढला नाही. हरिभाऊंशीही नाही. म्हातारपणी ते तांड्यावर जाऊन राहिले. मी भेटायला गेलो की निघताना म्हणायचे, "गुरुजी, काही इचारायचं राह्यलं का?" मला वाटे, बोलण्याची पद्धत आहे.

त्यांना जाऊन काही आठवडे झाल्यावर, वाचनालयातल्या त्याच टेबलाशी बसून मी सुखदेवला सगळं सांगून टाकलं. तो ऐकून घेत राहिला आणि मग त्यानं कपाळावर हात मारला. "अहो गुरुजी, ते उत्तर मी देलं ना! देलं, तं साहेबानंही मान डोलावली. त्यालेही मोगलाईच माहीत! माही निवड नाही झाली ते दाखला कमी पडला म्हणून. शाळेतून वेळेवर भेटलाच नाही." मी विचारलं, "मग गावात जे बोलत होते ते?" "गावात बोलत होते. मले कोणी इचारलं? बैठकीच्या संध्याकाळी हरिभाऊ आलते वस्तीत. त्यायनं इचारलं. मी सांगतलं." मग हळूच म्हणाला, "पुढं एकदा मी म्हटलं, गुरुजींले सांगून देता का, उगाच तोंड चुकवून राह्यले ते. तं हरिभाऊ म्हणे, नाही. ते येतील न् इचारतील. उत्तर सांगाले मी बसलो नाही इथं."

वीसेक वर्षं त्यांनी वाट पाहिली. आणि मी गावाला ओसरीवर शिकताना पाहत राहिलो, स्वतः मात्र एकदाही उठून कपाटापर्यंत गेलो नाही. सुखदेवच्या वर्षाचं ओझं त्या दिवशी उतरलं. बैठकीत मान खाली घातली होती ते उतरलं नाही, आणि ते उतरू नये. सुखदेव फक्त म्हणाला, "ते मात्र खरं हाय, गुरुजी," आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

टेबल अजून तिथंच आहे. कुलपाची कडी अजून लोंबते. नवा ग्रंथपाल परवा म्हणाला, "गुरुजी, ही कडी कापून टाकू का? लोकांची धोतरं अडकतात." मी म्हटलं, "कोणाकोणाची अडकतात ते आधी विचार, मग काप." पोरगा गुणी. सगळ्यांना विचारून आला आणि जरा ओशाळून म्हणाला, "फक्त तुमचंच अडकतं, गुरुजी."

मग म्हटलं, राहू दे.