डे-स्कॉलर म्हणून यायला हरकत नाही

नोहा भिंगारदिवे मला अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो. तो आता बावीस वर्षांचा आहे, नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर काम करतो. "मॅडम, बऱ्या आहात ना?" एवढं विचारून तो थांबतो. त्याला नववीच्या वर्षाबद्दल बोलायचं असतं, हे मला कळतं. त्या वर्षी मी त्याला मराठी शिकवत होते. जे झालं त्यात माझाही हात होता, म्हणून ते मीच सांगितलेलं बरं.

आमची शाळा मुलांची, जुनी, आवारातच बोर्डिंग असलेली. शहरातून सायकलीवर, रिक्षानं येणारी मुलं डे-स्कॉलर. बाहेरगावची, बोर्डिंगात राहणारी बोर्डर. वर्ग एक, गणवेश एक, तरी मी पाठमोऱ्या मुलाकडे बघून सांगू शकायचे, हा कुठला. बोअरच्या पाण्यात धुतलेले बोर्डरांचे शर्ट पिवळट पडत. ते आपण होऊन मागच्या बाकांवर बसत, कारण पुढं बसलं की डे-स्कॉलर नाकाला रुमाल लावत. आम्ही शिक्षक तरी काय, काही फुटलं, काही हरवलं, की पहिलं वाक्य ठरलेलं: "बोर्डिंगची पोरं असतील."

नोहा कोल्हारचा. वडील सत्यवान टेम्पो चालवायचे, आई एस्तेर अंगणवाडीत मदतनीस. आजोबा याच बोर्डिंगात शिकलेले, म्हणून नातवानंही इथंच शिकावं असं घरात ठरलं. जूनमध्ये पत्र्याची पेटी घेऊन तो आला आणि पहिले आठ दिवस जेवलाच नाही. त्याच्या शेजारच्या कॉटवर गहिनीनाथ गर्जे होता, पाथर्डी तालुक्यातला. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात. दिवाळीच्या आधी घराला कुलूप लागायचं ते उन्हाळ्यात उघडायचं. म्हणून पोरगा पाचवीपासून बोर्डिंगात.

गहिनीनं नोहाला तिथं कसं राहायचं ते शिकवलं. सकाळी बादली कुठल्या नळाखाली लावायची, भाजी पातळ असली की वाढप्याला काय म्हणायचं, मार बसताना हात कसा ढिला सोडायचा. नोहा सांगतो, "आठव्या दिवशी त्यानं स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून माझ्या हातात दिली. म्हणाला, रड, पण खाऊन रड."

गहिनीला गणित चांगलं जमायचं आणि माझे निबंध अजिबात जमायचे नाहीत. बोलताना मात्र तो अशी एखादी गोष्ट सांगायचा, की वर्ग हसून लोळायचा. ऑगस्टमध्ये मी त्याला वाचनालयाच्या मागं पकडलं. हातात बटणांचा छोटा मोबाईल. मोबाईलला शाळेत सक्त बंदी होती. बोर्डरांना रविवारी दुपारी ऑफिसातून घरी फोन करू देत.

"मॅडम, रविवारी दुपारी आई मजुरीला रानात असती," तो म्हणाला. "पुढं तोडीला गेल्यावर तर तिचाच फोन बंद पडतो. टपरीवर चार्ज झाला की ती लावती. तो कवा व्हईल, काय नेम न्हाई."

मी म्हटलं, "नीट लपव." नुसतं म्हटलं नाही, दोनदा त्याचा तो मोबाईल मी स्टाफरूममध्ये चार्ज करून दिला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "आईला सांगितलं तुमचं नाव." मला फार बरं वाटलं होतं.

दिवाळीत बोर्डिंग बंद होतं. नोहा गहिनीला कोल्हारला घेऊन गेला. एस्तेरबाईंनी दोघांना सारखे शर्ट शिवले. गहिनीनं त्यांना विहिरीचं पाणी शेंदून दिलं, चुलीपुढं बसून भाकऱ्या थापल्या. ऊसतोडीच्या टोळीबरोबर राहून ते त्याला येत होतं. सत्यवान हसून म्हणाले, "नोहा, बघ जरा. तुला साधा चहा न्हाई येत." घरातलं ते बोलणं, त्यात वाकडं काही नव्हतं.

पण नोव्हेंबरपासून दर रविवारी ऑफिसातल्या फोनवर एस्तेरबाई आधी विचारायच्या, "गहिनी कसाय?" मग, "आन् तू?" हे नोहानं मला सहा वर्षांनी सांगितलं. तोवर मी धरून चालले होते, की त्यानं केलं ते केवळ भीतीपोटी.

बोर्डिंगचे रेक्टर इमॅन्युएल सर. माणूस वाईट नव्हता. ते स्वतः याच बोर्डिंगात वाढले होते आणि शिस्तीनं आपण माणसात आलो असं त्यांचं ठाम मत होतं. डिसेंबरमध्ये त्यांनी नोहाला नववीचा मॉनिटर केलं. हजेरी घ्यायची, दिवे बघायचे, आणि "काही वावगं दिसलं तर मला येऊन सांगायचं." आयुष्यात प्रथमच कुणी नोहाला काही पद दिलं होतं.

जानेवारीत पार्थचा मोबाईल हरवला. पार्थ डे-स्कॉलर, त्याचे वडील शाळेच्या समितीवर. मोबाईल महागाचा, तोही चोरून वर्गात आणलेला. पण तो आणलाच कसा, हे कुणी विचारलं नाही. पार्थ म्हणाला, दप्तरात होता, खेळाच्या तासानंतर नव्हता. दुपारी बोर्डिंगच्या सगळ्या पेट्या मैदानात आणून उघड्या करायला लावल्या. डे-स्कॉलरांची दप्तरं कुणी पाहिली नाहीत. मुलांचे आतले कपडे, घरून आलेले लाडू, पत्रं, सगळं उन्हात पडलं होतं आणि कुंपणाशी डे-स्कॉलर उभे राहून बघत होते. काही सापडलं नाही.

मग रेक्टरांनी नोहाला खोलीत बोलावलं.

"मॉनिटर तू आहेस. चोर सापडला नाही तर मला तुझंच नाव द्यावं लागेल. कुणाकडे मोबाईल आहे?"

नोहा गप्प.

"म्हणजे आहे. कुणाकडे?"

"सर, तो तसला न्हाई. साधा हाय, बटणांचा. आईला लावायला."

"कुणाकडे?"

नोहानं नाव सांगितलं. नहाणीघराच्या पत्र्याखालची जागाही सांगितली. "जागा विचारली नव्हती त्यांनी," तो मला म्हणाला. "ती मी माझ्या मनानं सांगितली, मॅडम."

दुसऱ्या दिवशी आमची मीटिंग झाली. हेडमास्तर म्हणाले, चोरीचा पुरावा नाही, पण बंदी असताना मोबाईल ठेवला, तोही लपवून. उद्या पालक विचारतील. रेक्टर म्हणाले, एकाला सोडलं तर शंभर जण ठेवतील. मी समोरच बसले होते. त्या मोबाईलचा चार्जर माझ्या कपाटातल्या खणात होता. मी तोंड उघडलं असतं तर फार तर काय, एखादा मेमो आला असता. माझं अक्षर चांगलं, म्हणून इतिवृत्त मी लिहायचे. मी लिहिलं: "कु. गहिनीनाथ गर्जे यास बोर्डिंगमधून कमी करण्याचे सर्वानुमते ठरले."

त्याचे वडील कारभारी तिसऱ्या दिवशी साखर कारखान्यावरून आले. हातांवर उसाच्या पात्यानं चिरल्याच्या बारीक बारीक रेघा होत्या. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"चोरी केली का त्यानं?" त्यांनी विचारलं.

"तसं सिद्ध झालेलं नाही," हेडमास्तर म्हणाले.

"मंग कागदावर तसं येऊ देऊ नका. बाकी काय ल्ह्याचं ते ल्ह्या."

"अहो, आम्ही शाळेतून काढलेलं नाही त्याला. फक्त बोर्डिंगमधून. डे-स्कॉलर म्हणून यायला हरकत नाही."

कारभारींना तो शब्द कळला नाही. मी समजावून सांगितलं, म्हणजे रोज घरून यायचं, संध्याकाळी घरी जायचं.

ते माझ्याकडे बघत राहिले. "कुठल्या घरून, बाई? आमी समदे कारखान्यावर. घराला कुलूप हाय."

गहिनी दारात पेटी घेऊन उभा होता. जाताना तो माझ्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, "तुमचं नाव न्हाई घेतलं मॅडम, कुनापाशीच."

चार दिवसांनी पार्थच्या वडिलांचा फोन आला. मोबाईल शिकवणीच्या क्लासमध्ये विसरला होता, क्लासच्या सरांनी जपून ठेवला होता. तसदीबद्दल क्षमस्व. मी हेडमास्तरांना म्हटलं, आता गर्जेला परत बोलवूया. ते म्हणाले, "त्याला चोरीसाठी कुठं काढलंय? मोबाईल तर होताच ना त्याच्याकडे." पार्थला ताकीदसुद्धा मिळाली नाही.

फेब्रुवारीत स्नेहसंमेलन झालं. नोहाला 'आदर्श बोर्डर' म्हणून बक्षीस होतं. एस्तेरबाई कोल्हारहून एसटीनं आल्या, इस्त्रीची साडी नेसून. बक्षीस झाल्यावर त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मला विचारलं, "मॅडम, गहिनी दिसत न्हाई तो?"

नोहानं घरी काही सांगितलं नव्हतं. महिनाभर तो फोनवर "बरा हाय" म्हणत होता. मी सांगितलं. सगळं सांगितलं, चार्जरसकट. तेवढं एक मी त्या वर्षात धड केलं, आणि तेही उशिरा.

बाईंनी नोहाला नुसतं विचारलं, "तू सांगितलंस?"

त्यानं मान डोलावली.

त्या तशाच रेक्टरांकडे गेल्या. ओळखीचे होते, एकाच चर्चचे. "सर, पोराला परत आना. परीक्षा तरी देऊ द्या."

"एस्तेरबाई, वर्ष संपत आलं आता. आणि नियम सगळ्यांना सारखा."

"मंग माझ्या पोराला बक्षीस कशाचं दिलंत?"

त्यावर सर म्हणाले, "आज आनंदाचा दिवस आहे, आज नको."

पुढच्या रविवारी त्या नोहाला घेऊन कारखान्यावर गेल्या. विचारत विचारत टोळी गाठली. गहिनीची आई राहीबाई उसाच्या पाचटाच्या झोपडीपुढं, कोपीपुढं बसली होती. मोबाईलचं कुणी सांगितलं, हे तिला ठाऊक नव्हतं. दिवाळीत लेकाला जपलं ते हेच लोक, एवढंच माहीत. तिनं पोतं अंथरलं, चहा टाकला, नोहाच्या गालावरून हात फिरवला. नोहा म्हणतो, ते त्याला सोसलं नाही.

गहिनी उसाच्या फडात तोडणीला होता. नोहा एकटाच तिकडं गेला. एका महिन्यात गहिनी काळा पडला होता, तळहातांना फोड होते. नोहाला बघून तो खरंच हसला.

"कसा काय आलास रं? कुनी सोडलं?"

"गहिनी, रेक्टरला मी सांगितलं."

गहिनीला वाटलं होतं, स्वयंपाक्यानं सांगितलं असेल. त्यानं कोयता खाली ठेवला. "जागा बी तूच?"

"व्हय."

"मारलं का तुला सरांनी?"

"न्हाई."

"मी काय केल्तं तुला?"

नोहापाशी उत्तर होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. आई माझ्याआधी तुझं विचारायची, हे कसं सांगणार? गहिनीनं थोडा वेळ वाट बघितली, मग उसाची मोळी बांधायला घेतली.

जेवायच्या वेळी एस्तेरबाईंनी कारभारींपुढं विषय काढला. जूनपासून पोराला कोल्हारला आमच्या घरी ठेवा, गावात शाळा आहे, नववी पुन्हा करील, माझ्या लेकासारखा राहील. कारभारी विचारात पडले. राहीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ती म्हणाली, "देवानंच धाडलं तुमाला." गहिनी चटणीभाकर खात होता. मान वर न करता म्हणाला, "त्याच्या घरात न्हाई."

"आरं, ताई एवढ्या म्हनत्यात…"

"त्याच्या घरात न्हाई म्हनलं ना आई."

का, ते त्यानं आईला तेव्हाही सांगितलं नाही. एस्तेरबाईंनी पुन्हा आग्रह केला नाही. परतीच्या एसटीत त्या नोहाशेजारी न बसता पुढच्या बाकावर बसल्या.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. गहिनीच्या आसनक्रमांकाचं बाक पहिल्या पेपरला रिकामं होतं. दुसऱ्या पेपरच्या आधी ते उचलून नेलं. नोहानं मॉनिटरकी सोडली, दहावी तिथंच केली, बेताच्या मार्कांनी सुटला. पुढं आयटीआय. त्याच्या दहावीच्या निरोप समारंभाला एस्तेरबाई आल्या नाहीत. त्या लेकाला कधी टाकून बोलल्या नाहीत, जेवूखाऊ घालण्यात कमी केलं नाही. पण फोनवर आता त्या फक्त त्याचंच विचारतात. तो म्हणतो, तेच ऐकवत नाही.

मी अजून शिकवते. इतिवृत्तही लिहिते. मध्ये एकदा जुन्या वह्या चाळताना माझं ते वाक्य पाहिलं. अक्षर खरंच सुबक आहे.

गेल्या जानेवारीत नोहाचा फोन आला. सुटीला मोटारसायकलवर कोल्हारला निघाला होता. प्रवरेच्या पुलावर कोंडी झाली. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर समोरून आला आणि नोहाची गाडी आडवी अडकली. ट्रॅक्टरवर गहिनी. मिशा आलेला, भरलेला, गळ्यात मफलर. दोघांत चार हातांचं अंतर. नोहानं हेल्मेट काढलं.

"मग?" मी विचारलं.

"म्हणाला, ओ भाऊ, गाडी बाजूला घ्या. मी घेतली. तो गेला."

मग त्यानं विचारलं, "मॅडम, त्यानं ओळखलं असंल का मला?"

नसेल ओळखलं, एवढ्या वर्षांनी, असं म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "ओळखलं असणार, नोहा."


"व्हय," तो म्हणाला. "मलाबी तसंच वाटलं."