तीन पांढरे गुलाब

शेजारी कुंपणाची झुडपं छाटायला लागला की तो कडवट हिरवा वास खिडकीतून आत येतो आणि मला ती बाग आठवते. आई अमेरिकेत, वेस्ट विंडसरला माझ्याकडे पहिल्यांदाच आली होती, म्हणून तिला एका जुन्या इंग्रजी धाटणीच्या हवेलीची, नव्याने उभी केलेली बाग दाखवायला नेलं. विटांच्या पायवाटा, नुकतीच छाटलेली झुडपं, कारंजं, भिंतभर गुलाब. मी फोटो काढत होते, तेवढ्यात आईने तीन पांढरे गुलाब खुडून पदरात घेतले. "उद्या ह्यांची तिथी. तुझ्या घरात एक फूल नाही गं," ती म्हणाली. समोरून बागेची गाइड आली आणि मी ओशाळून बोलून गेले, "सॉरी, शी डझन्ट नो एनीथिंग." गाइड हसून म्हणाली, असू देत, न्या. पण आईने फुलं हळूच बाकावर ठेवली. दुसऱ्या दिवशी बाबांच्या फोटोला तिने नुसत्या अक्षता वाहिल्या. ती परत गेली ती पुन्हा आलीच नाही. आता माझ्या अंगणात पांढरे गुलाब ढिगाने फुलतात, तरी तिच्या तिथीला माझा हात त्यांना लागत नाही, मीही अक्षताच वाहते. जिला काही कळत नाही म्हणून मी माफी मागितली, तिने जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं होतं.