आत दुमडलेलं कापड

माझ्या कपाटात एक करड्या रंगाची पँट आहे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन, म्हणजे माझं उंची वाढण्याचं वय उलटून बराच काळ लोटला. तरीही त्या पँटचे पाय उलटे केले तर आत चार बोटं कापड दुमडलेलं सापडतं. दाजींनी शिवलेली ती माझी शेवटची पँट. "दाजी, आता मी काही वाढायचा नाही," असं मी त्यांना म्हणालो होतो. "माणसाचं काही सांगता येत नाही," असं म्हणत त्यांनी सुईत दोरा ओवला होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणायचो म्हणून आमच्या चर्चची सगळी मंडळी, अगदी पाळकसाहेबसुद्धा, त्यांना दाजीच म्हणत. धंदा शिंप्याचा. एका इमारतीच्या जिन्याखालची खोली हे त्यांचं दुकान आणि त्याच्यामागच्या दोन खोल्या हे घर. जिन्यावरून कुणी चढलं-उतरलं की वरून बारीक धूळ पडे. त्यामुळे हातातल्या कापडावर हलकी फुंकर मारायची त्यांना सवय लागली होती. रविवारी उपासनेला बसले की गीतांचं पुस्तक उघडण्याआधीही ते फुंकर मारत. शेजारी बसलेली ताई कोपरानं ढोसे, "अहो, हे देवाचं घर आहे, जिन्याखालचं नाही."

ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून माझे सगळे कपडे दाजींच्या हातचे. ते पँटच्या आत भरपूर कापड राखत आणि मी उंच झालो की टाके उसवून ती लांब करत. बाकीची पँट धुऊन धुऊन विटलेली असे आणि नव्यानं बाहेर आलेली पट्टी मात्र गडद. वर्गातली पोरं चिडवत, "अरे, याच्या पँटला मजले आहेत!" मला राग येई. आता वाटतं, त्या पट्ट्यांइतका माझ्या वाढीचा नीट हिशेब दुसरीकडे कुठेच नसेल.

लहान मुलाचा कपडा हातात देताना दाजी एक वाक्य हमखास बोलत. दोरा दातानं तोडायचा, कपडा झटकायचा आणि म्हणायचं, "वाढलास की घेऊन ये, लांब करून देतो." गल्लीतल्या प्रत्येक पोरानं ते ऐकलेलं. दाजींचं लक्ष तेव्हा पुढच्या कपड्याकडे असे. पण पोरं खरंच घेऊन येत आणि दाजी खरंच लांब करून देत.

माझी नोकरी सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. चर्चनं एक सेवायात्रा ठरवली. समुद्रापलीकडच्या एका देशात मिशनचं अनाथालय होतं, तिथे जाऊन मुलांसाठी जमेल ते काम करायचं. पाळकसाहेब, एक डॉक्टर, एक परिचारिका, दोन शिक्षिका, एक सुतार आणि काही तरुण मुलं तयार झाली. मी वाणिज्य शाखेचा, म्हणून सामान, तिकिटं आणि वेळापत्रक माझ्या गळ्यात आलं. एका संध्याकाळी दाजींनी मला दुकानात बोलावलं.

"तिथं मुलं आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय, अनाथालयच ते."

"मग कपडे असतील. कपडे असतील तर उसवलेलेही असतील. माझं नाव घाल."

आतून ताईचा आवाज आला, "इथं माझ्या ब्लाउजला दिवाळखोर कर्जदारासारख्या तारखा देतात, आणि तिकडं विमानात बसून बटणं लावायला निघालेत!"

पण हाताचं मशीन दोन चादरींत गुंडाळून बांधलं ते तिनंच.

विमानतळावर तपासणीत दाजींच्या खिशांतून टेप, खडू, अंगुस्तान आणि शेवटी एक छोटी कात्री निघाली. कात्री अधिकाऱ्यानं ठेवून घेतली. "धार चांगली आहे, सांभाळून ठेवा," असं दाजींनी त्याला बजावलं. त्या बिचाऱ्याला भाषा कळली नसावी, पण त्यानं मान डोलावली.

अनाथालय म्हणजे एक दुमजली लांबट इमारत होती. मधून सरळ बोळासारखा व्हरांडा, दोन्ही बाजूंना खाटांच्या खोल्या आणि व्हरांड्याच्या टोकाला एक भलंमोठं लाकडी कपाट. मुलांचे सगळे कपडे त्या कपाटात. धुऊन आले की मापाप्रमाणे कप्प्यांत जात आणि ज्याला जो बसेल तो मिळे. तोकडा झाला की परत कपाटात, पुढच्या मुलासाठी. अमुक कपडा अमक्याचा, असं तिथे नव्हतंच.

ते घर चालवणाऱ्या बाई उंच, करड्या केसांच्या आणि मोजकं बोलणाऱ्या होत्या. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणू लागलो. त्यांचं बोलणं आम्हाला समजावून सांगे तो तिथला व्हॅनचा ड्रायव्हर. तरुणपणी तो मालवाहू जहाजावर होता आणि त्याच्या खोलीतले सोबती आमच्या भाषेचे होते. त्यामुळे शिव्या अस्खलित, बाकीची भाषा तोडकीमोडकी.

पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी आम्हाला ओळीनं बसवलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाई बोलते, तुम्ही गा, खेळा, रंग लावा, सगळं करा. एकच नाही करायचं. परत येतो, असं नाही बोलायचं. सगळे पाहुणे बोलतात. मग पाहुणे जातात, आणि पोरं फाटकाला चिकटून उभी. बाई बोलते, मला त्यांना फाटकावरून उचलून आणावं लागतं."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. दाजींनीही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हरांड्यात टेबल मांडलं. आम्ही निळ्या ठिपक्यांच्या कापडाचं एक अख्खं ठाण बरोबर नेलं होतं. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे लहान, मध्यम आणि मोठं अशा तीन मापांत फ्रॉक आणि शर्ट शिवायचे, की काम झटपट उरकतं. दाजींनी ते ऐकून घेतलं आणि प्रत्येक मुलाचं वेगळं माप घ्यायला सुरुवात केली.

"दाजी, असं केलं तर वेळ कसा पुरायचा?"

"तू तुझ्या घड्याळाला चावी दे," ते म्हणाले, "मी माझ्या मशीनला तेल देतो."

त्या मुलांत एक मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची. नुसते लांब हात आणि लांब पाय. दाजींनी तिचं नाव नाकतोडा ठेवलं. माप घेताना ती श्वास रोखून, पुतळ्यासारखी उभी राहिली. टेप छातीभोवती फिरला तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटले. दाजी मला हळूच म्हणाले, "हिच्या अंगाला आजवर टेप लागलेला नाही रे."

फ्रॉक तयार झाला. तिनं तो घातला, गिरकी घेतली आणि मग घेर उलटा करून आत पाहिलं. आत चांगलं चार बोटं कापड दुमडलेलं होतं. एवढं कापड लपवून का ठेवलंय, असं तिनं बोटानं दाखवत विचारलं. दाजींच्या हातात तोवर पुढचा शर्ट आला होता. त्यांनी दोरा दातानं तोडला, शर्ट झटकला आणि म्हणाले, "वाढलीस की घेऊन ये, लांब करून देतो."

ड्रायव्हरनं ते जसंच्या तसं तिला सांगून टाकलं. सांगून झाल्यावर त्याच्याच तोंडाचा रंग उतरला. पण तोवर नाकतोडा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती, आणि इतर मुलं आपापले नवे कपडे उलटे करून आत किती कापड आहे ते बघत होती.

संध्याकाळी मोठ्या बाई आमच्या खोलीत आल्या. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त जड गेलं.

"मी परत येतो असं कुठं म्हणालो?" दाजी म्हणाले. "माझ्या तोंडातली सवय आहे ती."

"अहो दाजी, 'घेऊन ये' म्हणजे कुठं? जिन्याखाली? तिनं विमानानं यायचं का?" मी म्हणालो.

ड्रायव्हर बाईंचं बोलणं सांगू लागला, "बाई बोलते, रडणारी पोर आठवड्यात विसरते. ही रडत नाही. ही थांबणार."

पाळकसाहेबांनी मार्ग सुचवला, "सकाळी तिला समजावून सांगा, की चूक झाली."

सकाळी दाजी ड्रायव्हरला घेऊन गेले. मीही मागे होतो. नाकतोड्यानं आम्हाला पाहिलं आणि दाजींचा हात धरून ओढतच कपाटापाशी नेलं. कपाटाच्या कडेला तिनं दाजींच्याच खडूनं एक रेघ ओढली होती. रेघेला पाठ लावून ती उभी राहिली. डोकं आणि रेघ बरोबर जुळत होती. आता इथून पुढे जेवढी वाढेन तेवढी मोजणार, असा सगळा मामला. दाजींनी रेघेकडे बघितलं, ड्रायव्हरकडे बघितलं आणि म्हणाले, "चल बाबा. मशीनवर काम पडलंय."

आम्ही परत आलो. दाजी पुन्हा जिन्याखाली बसू लागले, पण ते वाक्य बंद झालं. मुलाचा कपडा झटकत, घडी घालत आणि मुकाट्यानं हातात देत. पोरांच्या आयांना चुकल्याचुकल्यासारखं वाटे. एकीनं तर विचारलं, "दाजी, या खेपेला आत कापड राखलं नाही का?" ताई म्हणाली, "जीभ तिकडंच शिवून आले आहेत."

पुढच्या वर्षी कमिटीनं फक्त डॉक्टर आणि परिचारिकांचं पथक पाठवायचं ठरवलं. शिंप्याला त्यात जागा नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी बैठकीत दाजी उभे राहिले. चर्चच्या बैठकीत ते उठून बोललेले कुणाला आठवत नव्हते.

"माझं नाव घाला. माझं तिथं एक काम राहिलंय."

"कुठलं काम?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"एका फ्रॉकचं."

सगळे हसले. दाजी हसले नाहीत, आणि खालीही बसले नाहीत. मग पाळकसाहेब म्हणाले, "घाला नाव."

आमची व्हॅन फाटकातून आत शिरली तेव्हा मुलं धावत आली. नाकतोडा त्यांच्यात नव्हती. ती व्हरांड्याच्या टोकाला, कपाटाला टेकून उभी होती. खडूची रेघ आता तिच्या हनुवटीपाशी आली होती. दाजींनी हात वर केला. ती वळली आणि आत निघून गेली.

मोठ्या बाईंनी ड्रायव्हरकरवी सांगितलं, "फ्रॉक तोकडा झाला तरी तिनं कपाटात ठेवला नाही. उशीत घालून झोपते. मी नियम मोडू दिला. आता तुमचं तुम्ही बघा."

दाजींनी टेबल मांडलं आणि दुसऱ्या मुलांची बटणं लावत बसले. तिला बोलावणं पाठवलं नाही. मला राहवेना. "अहो, जाऊन समजूत तरी काढा."

"गिऱ्हाईक रागावलं की त्याच्या घरी जायचं नसतं," ते म्हणाले. "दुकान उघडं ठेवायचं."

दुपार कलल्यावर ती आली. फ्रॉक टेबलावर टाकला आणि ड्रायव्हरकडे बघून एकच वाक्य बोलली. ड्रायव्हर चुळबुळला. "शिंपीभाऊ, बोलते, उशीर केला."

"तिला सांग, वेळेवर कपडा देणारा शिंपी जगात जन्माला आलेला नाही. माझ्या बायकोलाही विचार."

ड्रायव्हरनं सांगितलं. तिचे ओठ घट्टच राहिले, पण ती जवळचं स्टूल ओढून बसली.

दाजींनी फ्रॉक उलटा केला, एक टाका उसवून दाखवला आणि कात्री तिच्या पुढ्यात सरकवली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून एकेक टाका उसवायला लागली. दाजी मध्येच तिची बोटं धरून कात्रीचा कोन बदलत, एवढंच. सगळा घेर सुटला. खालची पट्टी गडद निळी, ठिपके पांढरेशुभ्र, आणि वरचा फ्रॉक विटलेला. माझ्या शाळेची पँट मला आठवली.

तिनं तो अंगाला लावून बघितला. आतलं सगळं कापड बाहेर आलं होतं, तरीही फ्रॉक गुडघ्याच्या वर राहत होता. छातीला तर तो येणारच नव्हता. दाजींनी मागच्या खेपेच्या ठाणातला उरलेला तुकडा घाईघाईनं पुढे ओढला आणि टेप हातात घेतला. नवाच शिवतो, असं त्यांना म्हणायचं असावं.

तिनं मान हलवली. फ्रॉक हातात तसाच धरून तिनं ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग तिनं व्हरांड्याकडे तोंड करून एक हाक मारली. एक छोटी मुलगी दुडदुडत आली. नाकतोड्यानं तिला स्टुलावर उभं केलं, फ्रॉक तिच्या डोक्यातून घातला. तो छोटीच्या घोट्यापर्यंत आला. नाकतोडा गुडघ्यांवर बसली, टाचण्या दाजींसारख्या ओठांत धरल्या आणि नुकतीच उसवलेली पट्टी परत आत दुमडायला लागली. दाजींनी सुईत दोरा ओवून दिला. तिचे टाके वाकडेतिकडे पडले, पण त्यांनी एकही उसवला नाही.

शेवटचा टाका घालून तिनं दोरा दातानं तोडला, फ्रॉकचा घेर झटकला आणि छोटीला काहीतरी सांगितलं.

ड्रायव्हरनं आमच्यासाठी तोंड उघडलं. दाजींनी हातानंच त्याला थांबवलं.

"नको. कळलं."

हाताचं मशीन आम्ही परत आणलं नाही. निघायच्या दिवशी दाजी फाटकापाशी कुणालाही काहीही म्हणाले नाहीत. फक्त मागे वळून व्हरांड्याकडे बघितलं. टेबल तिथेच होतं आणि टेबलामागे ती बसली होती. फाटकाला कुणी चिकटलेलं नव्हतं. मोठ्या बाईंनी दाजींचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता, तेवढंच मला आठवतं.

घरी आल्यावर त्याच आठवड्यात माझा धाकटा मुलगा शाळेच्या पँटसाठी दुकानात गेला. मी बाहेर उभा होतो. जिन्यावरून कुणीतरी उतरलं, धूळ पडली, दाजींनी फुंकर मारली. दोरा तुटल्याचा आवाज आला.

"वाढलास की घेऊन ये, लांब करून देतो."

आतून ताई म्हणाली, "सुटली गं बाई, एकदाची जीभ!"