दरवर्षी विकलं जाणारं दुकान

मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या धान्यबाजारात याईश बेनहामू आणि बुश्ता पहिल्यांदा भेटले, तेव्हा मशिदीच्या मनोऱ्यावरचे करकोचे घाबरून उडाले ते म्हणे थेट स्पेनला जाऊन टेकले. बुश्ताच्या खेचराने याईशच्या जवाच्या पोत्यात कानापर्यंत तोंड खुपसलं होतं. याईशने खेचराच्या पुढच्या सात पिढ्यांना शाप दिले. खेचराला पुढची पिढीच नसते हे ध्यानात आल्यावर ते शाप त्याने बुश्ताकडे वळवले. दुपारी दोघे एकाच किटलीतला पुदिन्याचा चहा पीत होते. खेचर अजून खातच होतं.

तेव्हापासून दर वर्षी पेसाहच्या सणाला याईश आपलं धान्य-पिठाचं दुकान मुसलमान बुश्तालाच विकायचा. सणाच्या दिवसांत यहुद्याच्या मालकीचं पीठ, रवा, खमीर काही राहता कामा नये. म्हणून नावाला एक नाणं घेऊन किल्ली द्यायची. सण संपला की मिमूनाच्या संध्याकाळी बुश्ताने पीठ-दूध घेऊन यायचं आणि किल्ली परत करायची.

"एक दिवस हा दुकान गिळून बसेल," याईश बायकोला, फ्रेहाला, सांगायचा. बुश्ताच्या तोंडावरसुद्धा.

"कधीच गिळलं असतं रे, पण तुझा रवा घशात अडकतो. निम्मे खडेच!"

यंदा विक्रीला धाकटा भाऊ गेला. प्रॉस्पेर. याईशने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, फ्रेंच शाळेत घातलं आणि घरातला शिकलेला म्हणून दुकानही त्याच्याच नावावर केलं.

"दादा, तुझे गुडघे दुखतात. मी जाऊन येतो."

मग सण अर्धा झाला तेव्हा तो सासुरवाडीला म्हणून फेझला गेला.

मिमूनाला बुश्ता आला. हातात पीठ होतं, दूध होतं, किल्ली नव्हती.

"काय बुश्ता, गिळलंस ना शेवटी?"

बुश्ता हसला नाही. "तुम्ही निघताय कधी?"

"कुठे?"

"प्रॉस्पेर म्हणाला, गल्लीतले सगळे यहुदी चाललेत, आम्हीही देश सोडतोय. यंदाची विक्री खरी. मी विचारलं, मग याईश का नाही आला? म्हणाला, दादाला रडू येतं." बुश्ताने दूध खाली ठेवलं. "ऑलिव्हची बाग विकून पैसे दिले रे मी त्याला."

पोळीसाठी फ्रेहाने तापत ठेवलेला तवा धुरावला. कुणी उतरवला नाही.

"तू केलं असतंस तर समजू शकलो असतो," याईश म्हणाला. "इतकी वर्षं तुझ्यावर नजर ठेवून होतो मी."

"माहीत आहे," बुश्ता म्हणाला. "उद्या सकाळी दुकानात ये. बसायला कुठेतरी हवंच तुला."

प्रॉस्पेर तोवर फ्रान्समध्ये मार्सेयला पोचला होता. त्याने कधीच काही कळवलं नाही. याईश काही हिवाळे त्या दुकानात पगारावर रवा तोलत राहिला आणि छातीत कफ होऊन वारला. तिथे आता प्लास्टिकच्या बादल्या मिळतात.