उसवण्याचे वेगळे

आमच्या जिन्याखाली शिवणकाम करणाऱ्या मावशींची नजर मंदावली, तेव्हा म्हातारपणाची काठी म्हणून त्यांनी शिलकीतून शेअर घेतले. तेही दोऱ्याच्या कंपनीचे. तो दोरा तीस वर्षं त्यांच्या हातातला. माझ्याच ब्रोकरकडे खातं उघडायला त्यांना मीच नेलं होतं.

महिन्याभरात त्याचा फोन, मी शेजारीच असताना, स्पीकरवर. "मावशी, भाव चढलाय. विका, दुसरे घेऊ."

"विकले तर तुम्हाला काय मिळतं?"

वीस वर्षांत माझ्या ब्रोकरला हे विचारायचं मला, बी.ए. बाईला, सुचलं नव्हतं.

"दलाली."

"दुसरे घेतले तर?"

"तेव्हाही."

मावशी हसल्या. "मीही उसवण्याचे वेगळे घेते, शिवण्याचे वेगळे. पण नीट बसलेला कपडा उसवा, असं गिऱ्हाइकाला सांगत नाही. त्या कंपनीचा दोरा तुटायला लागला की विकायला मीच फोन करीन."