अनुसयाच्या दारातले जोडे

मँगनीजच्या खाणीत मी एकतीस वर्षं काढली. माणूस किती मेहनती आहे, हे मी त्याच्या बोलण्यावरून ठरवत नाही, काम पाहतो. त्या मापात अनुसयाच्या बरोबरीची माणसं तिरोडीत फार थोडी भेटली.

सहा वर्षांपूर्वी ती नवऱ्याला, भैयालालला सोडून मलाजखंडहून इथल्या मजूरवस्तीत आली. सोबत लेक अंजू. का सोडलं, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. माझ्या शेजारची रिकामी खोली घेतली, स्वतः लिंपली, छपराचे कवेलू स्वतः वर चढून नीट केले. मग माझ्याकडे आली.

"काका, तुमचे खाणीतले जोडे पडूनच आहेत ना? मले द्या."

"तुले काहून? तुह्ये दोन्ही पाय एकातच मावतीन."

"दारात ठेवीन. घरात माणूस आहे असं वाटलं पाह्यजे."

दिले. नुसते ठेवून ती थांबली नाही. रोज पहाटे जोडे हातात घालून नळाजवळच्या चिखलात दाबायची आणि दारात ठेवायची. एक दिवस खाडा नाही. भैयालाल रात्री येतो, उजाडायच्या आत जातो, असं वस्तीला वाटायचं. तिनं वाटू दिलं.

मागच्या वर्षी तिचं रेशन बंद झालं. आमच्या मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाची सरकारी नोंद असते, तिला समग्र म्हणतात. तिची आणि भैयालालची नोंद अजून एकच होती. त्यानं तिकडे जीप घेतली, आणि इकडे हिचं घर गरिबांच्या यादीतून निघालं. नोंद वेगळी झाली तरच धान्य मिळणार होतं. त्यासाठी ती खरंच वेगळी राहते, हे पंचांसमोर दाखवायचं होतं.

पंचायतीचे सचिव आले. पंच दोन, मी आणि वस्तीतलाच वीरेंद्र. सचिवांनी चूल पाहिली, ताटं पाहिली. निघताना दारात थांबले. जोड्यांवर ओला चिखल होता.

"बाई, तुम्हारा आदमी तो आज सुबह भी यहीं था."

बाहेर अर्धी वस्ती उभी होती. आपण एकट्या आहोत हे तिनं यांच्यापासूनच लपवलं होतं. भावाचे आहेत, असं ती म्हणू शकली असती. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"जोडे काकाचे आहेत. चिखल मी लावतो. घरात मी अन् पोरगी. दुसरं कोणीच नाही."

"रोज लावती हो?"

"हौ. रोज."

सचिवांना पटेना. ती म्हणाली, "काका, घालून दाखवा."

मी घातले. डाव्या जोड्याचं टोक दगड पडून दबलेलं आहे. माझ्या डाव्या पायाचा अंगठाही तसाच चपटा आहे; जोडा काढून तो दाखवला. सचिवांनी दोन्ही निरखून पाहिले.

वीरेंद्र म्हणाला, "डोमाजी, तू तं फुकटचा नवरा निघाला बे."

"नवरा नाही," अनुसया म्हणाली. "चौकीदार. तोही बिनपगारी."

सचिवही हसले आणि लिहायला बसले. 'पतीने टाकलेली' एवढं लिहून झालं तोच तिनं थांबवलं.

"टाकलेली नाही. मीच निघाली. तसंच लिहा."

"अरे, ऐसा लिखने से काम जल्दी होगा."

"उशीर लागू द्या."

उशीर लागला. कचेरीत तिच्या चार खेपा झाल्या, चारही पायी. मग नोंद वेगळी झाली. कुटुंबप्रमुख अनुसया, खाली अंजू. त्या महिन्याचं धान्य तिनं डोक्यावर आणलं.

दुसऱ्या दिवशी जोडे परत आले. धुतलेले, तेल लावलेले.

"आता साऱ्याइले माहीत झालं. ठेवून काय करू?"

"भेव नाही लागत?"

"लागते. कडी नवी बसवली."

मी जाऊन पाहिली. चार स्क्रू, चारही लाकडात सपाट बसलेले. दोन्ही हातांनी ओढून पाहिली. हलली नाही.